महसूलमंत्र्यांना खुले पत्र : नोटीस डकवली, पण पोचली का?

मा. महसूलमंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई



थकलेल्या साऱ्यापोटी जमीन जप्त करून विकण्याचा अधिकार सरकारला असावा, याबद्दल माझी तक्रार नाही. भरणाऱ्याने निमूट भरायचे आणि बुडवणाऱ्याने मिशीला पीळ देत हिंडायचे, असे झाले तर राज्य चालणार नाही. माझे म्हणणे त्याच्या आधीच्या एका पायरीपुरते आहे. ज्याची जमीन विकायची, त्याला ती विकली जाणार आहे हे कळले पाहिजे. आपल्या कायद्यात त्यासाठी नोटीस आहे, दवंडी आहे, मुदतही आहे. मात्र एवढे सगळे करून ती बातमी त्या माणसाच्या कानावर गेली का, हे विचारायची वेळ कायदा कोणावर आणत नाही. नोटीस डकवली की काम संपले.

मी तालुक्याच्या ठिकाणी वकिली करतो आणि माझी बरीचशी कामे महसुली असतात. तहसील कचेरीच्या व्हरांड्यात बसून जे दिसते ते मंत्रालयातून दिसेलच असे नाही, म्हणून हे पत्र.

आधी कायदा काय सांगतो ते पाहू. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची. तिचे वसुलीचे प्रकरण बरेचसे १८७९ च्या मुंबई जमीन महसूल अधिनियमाच्या वळणावर गेलेले आहे. कलम १७६ मध्ये वसुलीचे मार्ग दिले आहेत. आधी मागणी नोटीस, मग जंगम मालाची जप्ती, स्थावराची जप्ती आणि विक्री, अगदी अटकेपर्यंत. स्थावर विकायचे ठरले की कलम १९२ प्रमाणे जाहीरनामा निघतो आणि त्याची दवंडी पिटायची असते. कलम १९३ प्रमाणे लेखी नोटीस चार ठिकाणी लावायची : जिल्हाधिकारी कचेरी, तहसील कचेरी, गावची चावडी किंवा अशीच एखादी सार्वजनिक इमारत आणि थकबाकीदाराचे राहते घर. यातली शेवटची नोटीस लागल्यापासून किमान ३० दिवस गेल्याशिवाय स्थावराचा लिलाव करता येत नाही. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशीही नाही.

कागदावर ही रचना वाईट नाही. १८७९ साली तर ती उत्तमच असणार. कुणबी गावात राहत होता, त्याची जमीन गावात होती आणि चावडीवर रोज चार माणसे बसत होती. दवंडी पिटली की सांजेपर्यंत साऱ्या गावाला ठाऊक. नोटीस भिंतीवर लावली काय किंवा हातात दिली काय, फरक पडत नव्हता. आज त्या गावातला निम्मा खातेदार नालासोपाऱ्यात नाहीतर पिंपरीत राहतो. कोकणात तर घराचे कुलूप गणपतीला उघडते आणि शिमग्याला. चावडीच्या जागी तलाठी सजा आली आणि तलाठीही आता ग्राम महसूल अधिकारी झाला. चार ठिकाणे मात्र तीच राहिली.

लिलावाची एखादी फाईल मागवून पाहा. सगळ्यात वर मागणी नोटीस असते, कोपऱ्यात जावक क्रमांक. ती उलटली की मागे कोतवालाच्या हातचा शेरा दिसतो : इसम मिळून आला नाही, घर बंद आहे, शेजारी विचारणा करता मुंबईस राहतो असे समजले, सबब एक प्रत दर्शनी भागी डकवली. खाली पंचनामा. दोन पंच, त्यातला एक हमखास तोच शेजारी. एकाची सही, एकाचा अंगठा. पुढचे पान उलटले की थेट लिलावाचा जाहीरनामा येतो. 'मुंबईस राहतो' या दोन शब्दांची दखल त्यानंतर फाईलमध्ये कुठेही नसते. मुंबईत कुठे, फोन आहे का, गावात भाऊबंद कोण, हे त्या शेजाऱ्याला विचारायला दोन मिनिटे पुरली असती. पण ते विचारायला कायद्याने सांगितलेले नाही आणि साहेबांनी तर मुळीच नाही. पंचनामा झाला म्हणजे बजावणी झाली. माणसाला कळलेले नाही, हे कचेरीला कळलेले असते. स्वतःच्याच हस्ताक्षरात लिहून ठेवलेले असते. तरीही फाईल पुढे सरकते.

बरे, नोटीस पाठवायची तरी कोणाला आणि कुठे? सातबाऱ्यावर खातेदाराचे नाव असते, पत्ता नसतो. कितीतरी सातबाऱ्यांवर तर आजोबांचे नाव अजून तसेच आहे आणि आजोबांना जाऊन तीस वर्षे झालेली आहेत. हे मी आपल्याला सांगायला नको. आपल्याच खात्याने २०२५ मध्ये 'जिवंत सातबारा' मोहीम हाती घेतली ती याचसाठी. मयतांची नावे कमी करून वारसांची लावायची, असे सरकारनेच ठरवले. म्हणजे सातबाऱ्यावरचे नाव आणि जमिनीचा खरा मालक यांत अंतर पडले आहे, हे सरकारला मान्य आहे. मग त्याच सातबाऱ्यावरच्या नावाने काढलेली नोटीस मालकाला पोचली, असे धरून चालता येईल का? मयताच्या नावाने निघालेली नोटीस बंद घरावर लावली, तर ती कोणाला बजावली? सासरी गेलेल्या बहिणीला? दुबईत नोकरी करणाऱ्या नातवाला?

शेतसारा तो केवढा, त्यापोटी कोण जमिनी विकतो, असे कोणी म्हणेल. हल्ली शेतसाऱ्यासाठी लिलाव क्वचितच होतात हे खरे. पण याच प्रकरणाच्या दाराने आता कितीतरी देणी आत येतात. अकृषिक आकारणी आहे. गौण खनिजाच्या उत्खननाचा दंड आहे, आणि मुरूम कोणी नेला याची मालकाला गंधवार्ता नसताना बोजा मात्र त्याच्या सातबाऱ्यावर चढलेला असतो. मुद्रांक शुल्कातला फरक आहे. महारेराने बिल्डरवर काढलेले वसुलीचे दाखले जिल्हाधिकाऱ्यांकडेच येतात. 'जमीन महसुलाची थकबाकी म्हणून वसूल करण्यात येईल' हे वाक्य किती कायद्यांत आहे ते मोजायला बसलो तर दिवस जाईल. त्या प्रत्येक वाक्यामागे हेच कलम १९२, १९३ आणि याच चार भिंती उभ्या असतात.

शहरांतली घरपट्टी नगरविकास खात्याकडे, तेव्हा त्यावर फार लिहीत नाही. तिथेही आधी बिल, मग मागणी नोटीस, मग जप्तीचे वॉरंट असाच क्रम असतो आणि थकलेल्या रकमेवर दरमहा दोन टक्के शास्ती चढत जाते. बिल जुन्या मालकाच्या किंवा बिल्डरच्या नावाने निघत राहिले की शास्तीचा आकडा कराच्या पुढे जातो आणि राहणाऱ्याला ते जप्तीवाले दारात आल्यावर समजते. दुखणे एकच आहे.

आता न्यायालयांकडे वळतो. मालमत्तेचा हक्क ४४ व्या घटनादुरुस्तीने मूलभूत हक्कांतून गेला, पण कलम ३००-अ च्या रूपाने घटनेत राहिला. कायद्याच्या अधिकाराखेरीज कोणाचीही मालमत्ता हिरावून घेता येत नाही. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोलकाता महानगरपालिका विरुद्ध बिमल कुमार शाह या प्रकरणात या कलमाची फोड केली. त्यात एकंदर सात हक्क सांगितले आणि त्यांतला पहिलाच नोटीस मिळण्याचा. ते प्रकरण जागा संपादनाचे होते, करवसुलीचे नव्हते, हे मी विसरत नाही. पण घेतली जाणारी वस्तू तीच आणि घेणारे सरकारही तेच. संपादनात निदान मोबदला तरी मिळतो. लिलावात जमीन जाते ती पडेल त्या भावाने. तेव्हा इथली नोटीस त्याहून कच्ची असावी हे तर्काला धरून नाही.

याउलट एक निकाल कचेऱ्यांच्या फार आवडीचा आहे. २००७ मध्ये सी. सी. अलवी हाजी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की योग्य पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाठवलेली नोटीस 'घर बंद' किंवा 'घेण्यास नकार' अशा शेऱ्याने परत आली तरी ती बजावली गेली असे धरता येते. हा निकाल चेक न वटल्याच्या प्रकरणातला आहे. तिथे नोटीस चुकवणाऱ्याला आपण कोणाला चेक दिला आणि खात्यात किती पैसे आहेत हे पक्के ठाऊक असते. शिवाय गृहीतक धरायचे ते पत्ता बरोबर असेल तर. आजोबांच्या नावावरच्या जमिनीवर कसला दंड बसला आहे याची कल्पनाही नसलेल्या नातवाला त्याच पंक्तीला बसवणे अन्यायाचे आहे. एक जण नोटिशीपासून पळतो, दुसऱ्याकडे ती आलेलीच नसते. आपल्या कचेऱ्या दोघांना एकच शिक्का मारतात.

हा फरक नीट उलगडणारा एक निकाल अमेरिकेतला आहे. परदेशी निकाल आपल्याकडे बंधनकारक नसतो, हे ठाऊक असूनही तो सांगतो, कारण तिथली फाईल आपल्या फाईलसारखीच आहे. आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉक इथे एका गृहस्थाने १९६७ मध्ये घर घेतले. १९९३ मध्ये तो बायकोपासून वेगळा होऊन दुसरीकडे राहू लागला. कर्ज चालू होते तोवर मालमत्ता कर कर्ज देणारी कंपनीच भरत होती. १९९७ मध्ये कर्ज फिटले आणि कर भरायचा राहिला. राज्याने २००० मध्ये जुन्या घराच्या पत्त्यावर पोचपावतीचे पत्र पाठवले. ते 'कोणी घेतले नाही' म्हणून परत आले. दोन वर्षांनी वर्तमानपत्रात जाहिरात दिली. लिलावात कोणी बोली लावली नाही. मग एका खरेदीदाराची मागणी आली, तेव्हा आणखी एक पत्र त्याच पत्त्यावर गेले आणि तसेच परत आले. सुमारे ८०,००० डॉलरचे घर २१,००० डॉलरला गेले. मालकाला कळले ते खरेदीदाराने घर खाली करण्याची नोटीस त्याच्या मुलीच्या हातात दिली तेव्हा.

२००६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी ती विक्री घटनेत बसत नाही असे ठरवले. हे प्रकरण जोन्स विरुद्ध फ्लॉवर्स म्हणून ओळखले जाते. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांचा मुद्दा असा : पत्र पाठवताना सरकारने वाजवी मार्ग निवडला हे खरे, पण पत्र परत आले त्या क्षणी मालकाला कळलेले नाही हे सरकारला समजले. त्यांनी उदाहरण दिले आहे. अधिकाऱ्याने पत्रांचा गठ्ठा पोस्टमनच्या हातात दिला आणि पोस्टमनने तो त्याच्या डोळ्यांदेखत गटारात पाडला, तर अधिकारी खांदे उडवून 'मी तर पाठवली' म्हणेल का? तो दुसरी पत्रे लिहील. मालक शोधायला गाव पालथे घाला, असे न्यायालयाने म्हटले नाही. त्यांनी सुचवलेले उपाय अगदी साधे होते. साध्या टपालाने पुन्हा पाठवा, 'राहणाऱ्यास' असे लिहून पाठवा, दारावर लावा. जमण्याजोगे आणखी एखादे पाऊल टाका, एवढेच.

तिथल्या न्यायालयाने उपाय म्हणून जे सुचवले त्यातले दारावर लावणे आपल्याकडे १८७९ पासून आहे. अडचण अशी की आपण तिथेच थांबलो. त्यांची पहिली पायरी टपालाची, आपली दाराची. पहिली पायरी फसली तर दुसरी कोणती, याचे उत्तर त्यांनी २००६ मध्ये शोधले. आपल्याकडे तो प्रश्नच अजून कोणी अधिकृतपणे विचारलेला नाही.

नोटीस न पोचल्याची किंमत किती मोठी असू शकते हे पाहायचे तर 'आकारी पड' जमिनींकडे पाहा. लिलावात कोणी घेणारा आला नाही, तर संहितेच्या कलम २२० प्रमाणे जिल्हाधिकारी नाममात्र बोलीवर ती जमीन सरकारसाठी घेऊ शकतात. एरवी लिलाव झाला तर खर्च आणि थकबाकी वजा जाऊन उरलेली रक्कम मालकाला मिळते. नाममात्र बोलीत उरायचे काय? थोडक्या साऱ्यापोटी आख्खी जमीन सरकारजमा. बारा वर्षांच्या आत थकबाकी आणि दंड भरला तर जमीन परत मिळण्याची सोय कायद्यात होती. पण जमीन गेल्याचेच ज्याला ठाऊक नाही, त्याला बारा वर्षे असली काय आणि बारा दिवस असले काय. मुदती उलटून गेल्या आणि वारस कचेऱ्यांचे उंबरे झिजवत राहिले.

सरकारने ही चूक ओळखली, याचे श्रेय दिलेच पाहिजे. जानेवारी २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने कलम २२० मध्ये सुधारणा करून अशा जमिनी मूळ खातेदारांना किंवा त्यांच्या वारसांना परत देण्याचा निर्णय घेतला. तेव्हा सांगितलेला आकडा सुमारे ४,८४९ एकरांचा होता. योगायोग पाहा, त्याआधी दोनच वर्षे, २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने टायलर विरुद्ध हेनेपिन काउंटी या प्रकरणात एकमताने सांगितले की १५,००० डॉलरच्या देण्यापोटी ४०,००० डॉलरला घर विकून वरचे २५,००० सरकारला खिशात टाकता येणार नाहीत. देण्यापुरते घ्या, वरचे ज्याचे त्याला द्या. आपला निर्णयही न्यायाच्या त्याच बाजूला जाणारा आहे. मात्र तो जमीन गेल्यानंतर परत देण्याचा आहे. ज्या दाराने ती गेली ते दार तसेच उघडे आहे.

आपले सचिव काय म्हणतील याची मला कल्पना आहे. बजावणी कडक केली की बुडव्यांचे फावेल, जो तो 'मला कळलेच नाही' म्हणून न्यायालयात जाईल. माझा अनुभव उलटा आहे. लिलाव आज न्यायालयात अडकतात ते बजावणीचा कागद लंगडा असतो म्हणूनच. फोन केल्याची, संदेश गेल्याची, दुसऱ्या पत्त्यावर पत्र पाठवल्याची नोंद फाईलमध्ये असेल, तर 'कळले नाही' म्हणणाऱ्याचे तोंड पहिल्याच तारखेला बंद होईल. खरेदीदाराला निर्धास्तपणे बोली लावता येईल. आज जाणकार माणूस सरकारी लिलावाला हात लावायला कचरतो, पुढे दहा वर्षे कोर्टात जातील म्हणून. मग हातची, म्हणजे किमान ठरवलेली, किंमत गाठताना मारामार होते. मालकाला खरोखर कळले तर निम्म्या प्रकरणांत लिलावाची पाळीच येणार नाही. तो दुसऱ्या दिवशी पैसे घेऊन हजर होईल. सरकारला तरी दुसरे काय हवे आहे?

दुसरा आक्षेप मनुष्यबळाचा. एका ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे दोन-तीन गावे आणि शंभर कामे. मान्य. पण मी त्याला माणूस शोधत मुंबईला जायला सांगत नाही. जमीन विकणे हे पीक पाहणीसारखे दर हंगामाचे काम नाही. वर्षाकाठी तालुक्यात मोजकीच प्रकरणे त्या टप्प्याला जातात. तेवढ्यांसाठी चार फोन करणे कोणाच्या आवाक्याबाहेरचे नाही.

माझ्या मागण्या पाच आहेत.

१. मागणी नोटीस किंवा विक्रीची नोटीस प्रत्यक्ष हातात पडली नाही, तर पुढचा कागद काढण्याआधी किमान दोन वेगळे प्रयत्न व्हावेत : दुसऱ्या ज्ञात पत्त्यावर पत्र, फोन, मोबाइलवर संदेश, सहहिस्सेदार किंवा भाऊबंदांमार्फत निरोप. काय केले आणि काय झाले हे तारखेसह फाईलमध्ये लिहावे. ते नसेल तर जाहीरनाम्यावर सही होऊ नये.

२. नोटीस एका नावाला न देता सातबाऱ्यावरच्या सर्व सहहिस्सेदारांना आणि इतर हक्कांत नोंद असलेल्या बँका, सोसायट्या, कुळांनाही द्यावी. खातेदार मयत असल्याचे समजले तर आधी वारस नोंद करावी, मग वसुली.

३. नोटीस सामान्य माणसाला वाचता येईल अशा मराठीत असावी. किती रक्कम, कशाची, कुठे भरायची, कधीपर्यंत, आणि नाही भरली तर कोणता गट नंबर कोणत्या तारखेला विकला जाईल, हे पहिल्या पाच ओळींत यावे. आजच्या नोटिशीत ही माहिती 'ज्याअर्थी' आणि 'त्याअर्थी'च्या मधे हरवते.

४. विक्रीनंतर थकबाकी आणि खरेदीदाराला किमतीच्या पाच टक्के भरून किंवा प्रक्रियेतली चूक दाखवून विक्री रद्द करून घेण्याचा अर्ज ३० दिवसांत करता येतो. हे तीस दिवस विक्रीच्या तारखेपासून मोजले जातात. विक्री झाल्याचे मालकाला त्याच आठवड्यात लेखी कळवावे आणि ज्याला कळवलेच नाही त्याच्या बाबतीत मुदत कळल्यापासून मोजली जावी. यासाठी कायदा दुरुस्त करावा लागेल, तो करावा.

५. कलम २२० खाली सरकारने जमीन घेतली तर ती परत मिळण्याची मुदत आणि रीत खातेदाराला आणि वारसांना लगेच लेखी कळवावी. दरवर्षी गावच्या ग्रामसभेत अशा जमिनींची यादी वाचून दाखवावी.

यातल्या पहिल्या तीन मागण्यांसाठी विधिमंडळात जाण्याचीही गरज नाही. कलम १९३ मध्येच जिल्हाधिकाऱ्यांना त्यांना योग्य वाटेल अशा अन्य कोणत्याही रीतीने विक्रीची नोटीस प्रसिद्ध करण्याची मुभा दिलेली आहे. ही मुभा आजवर बहुतेक कचेऱ्यांत पडून राहिली. आपल्या खात्याने एक परिपत्रक काढले तर तिचे कर्तव्य होईल आणि खर्च येईल तो टपालाच्या तिकिटांचा. येत्या महसूल दिनाच्या, म्हणजे १ ऑगस्टच्या आत आपण ते परिपत्रक काढावे, अशी माझी विनंती आहे.



आपला,
तहसील कचेरीच्या व्हरांड्यातला एक वकील